लोकर, कसर आणि कडुलिंबाचा पाला

पौषातली गोष्ट. धाकट्याला पुण्यात मुलगा झाला. (नातेवाइकांना हे माहीत आहेच, पण ब्लॉगवरच्या दोस्तमंडळींसाठी पुन्हा सांगून घेतो. आनंदाची बातमी दोनदा सांगितली म्हणून शिळी होत नाही!) तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "बाबा, आईनं माझ्यासाठी विणलेली ती पांढरी शाल आहे ना अजून? येताना घेऊन या. बाळाला तिच्यातच गुंडाळायचं आहे." मी म्हटलं, "आहे की. ट्रंकेत आहे. जातेय कुठे?"

दोन दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी आवाज जरा उतरलेला. बाळाचं रक्त तपासलं होतं, त्यात 'जी-सिक्स-पीडी' नावाच्या द्रव्याची कमतरता निघाली होती. घाबरण्यासारखं काही नाही, अशी मुलं इतरांसारखीच नीट वाढतात, फक्त काही औषधं आणि काही वस्तू जन्मभर टाळायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. टाळायच्या वस्तूंचा कागदच हातात दिला होता. त्यात डांबराच्या गोळ्या होत्या. "शाल गोळ्यांत ठेवली असेल तर आणू नका हं बाबा. कपड्याला राहिलेला वाससुद्धा नको म्हणालेत."

मी ट्रंक उघडली. ही गेल्यापासून, म्हणजे सात वर्षांत, मी ती उघडलेली नव्हती. उघडायचं कारण पडलं नाही असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वाचणाऱ्यांना कळेल, लिहायला नको.

डांबराचा वास आला नाही. आत एकही गोळी नव्हती. जुन्या पातळाच्या तुकड्यांत बांधलेल्या चार पुरचुंड्या होत्या, त्यांत कसल्याशा पाल्याचा नुसता भुगा उरला होता. मला बरं वाटलं. शाल उचलली आणि खाटेवर पसरली. शाल कसली, चाळणीच होती. जागोजागी भोकं, भोकांच्या कडेला रेशमासारख्या बारीक नळ्या, आणि झटकल्यावर वाळूसारखी बारीक खर खाली पडली. कसर लागली होती.

शाल विणली १९८७ साली, धाकट्याच्या वेळी. म्हणजे हिच्या हातात ती एकतीस वर्षं जशीच्या तशी राहिली आणि माझ्या ताब्यात आल्यावर सात वर्षांत संपली. ट्रंक तीच, घर तेच, पाला तोच. मग फरक कशाचा? तेहतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. मुलांना मी नेहमी सांगायचो, सनावळ्या पाठ करू नका, 'का' विचारा. तो 'का' या वेळी माझ्यासमोर येऊन बसला. गेले तीन महिने त्याच्याच मागे होतो. जे सापडलं ते आज लिहितोय.

सुरुवात शब्दापासून करतो, मास्तरकीची खोड! कसर म्हणजे उणीव, तूट. 'कसर भरून काढली' म्हणतो आपण. काटकसर या शब्दात ती आहेच. आणि कसर म्हणजे लोकरीचे, रेशमाचे कपडे खाणारी कीड. पुस्तकांतल्या चंदेरी किड्यालाही काही जण कसरच म्हणतात, पण लोकर खाणारी कीड निराळी. ती एका बारक्या, फिकट सोनेरी पतंगाची अळी असते. गंमत म्हणजे आपण घरात उडणाऱ्या पतंगाला मारायला धावतो, पण तो बिचारा काहीच खात नाही. त्याला खायला धड तोंडच नसतं. दोनेक आठवडे जगतो, मादी चाळीस-पन्नास अंडी घालते आणि काम संपतं. खाते ती अळी. उबदार हवेत अंडी आठवड्याभरात फुटतात. पुढे अळी दोन महिन्यांत मोठी होते, किंवा खायला कमी असलं तर दोन वर्षंही तशीच राहते.

लोकर म्हणजे केस. केस, नखं, शिंगं, पिसं ही सगळी एकाच चिवट द्रव्याची बनलेली असतात आणि ते पचवणं फारच थोड्या प्राण्यांना जमतं. या अळीच्या पोटात असा काही तीव्र अल्कधर्मी रस असतो, की ते चिवट धागे सुटे होतात. निसर्गात तिचं काम मेलेल्या प्राण्यांचे केस आणि पक्ष्यांच्या घरट्यांतली पिसं साफ करायचं. माणसानं मेंढीचे केस कातरून, विणून, घडी घालून अंधाऱ्या पेटीत ठेवले, तेव्हा तिच्या दृष्टीनं आपण एक भलं मोठं घरटंच तयार करून दिलं! तिला हव्या असतात तीन गोष्टी: अंधार, शांतता आणि मळ. घाम, दुधाचे डाग, अन्नाचे शिंतोडे लागलेली लोकर तिला जास्त मानवते, कारण नुसत्या केसात पुरेसं पोषण नसतं.

या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास याच तीन गोष्टींशी माणसानं केलेल्या भांडणाचा आहे.

हे भांडण किती जुनं आहे? रोमचा मार्कस कॅटो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेला. मोठा करारी राजकारणी. त्यानं शेतीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात बैल, द्राक्षं, गुलाम यांच्याबरोबर कपड्यांना कसर लागू नये म्हणून काय करावं, हेही लिहून ठेवलंय. ऑलिव्हचं तेल काढल्यावर जे कडू काळपट पाणी उरतं ते आटवून निम्मं करावं, पेटीच्या तळाला, बाहेरून, पायांना आणि कोपऱ्यांना चोपडावं, आणि वाळल्यावर मगच कपडे ठेवावेत. वाचताना मला हसू आलं. एवढा मोठा माणूस, आणि चिंता आमच्या ट्रंकेतलीच! पण त्यानं कोपऱ्यांचं नाव घेतलंय, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. कारण कोपऱ्यांना चोपडायचं म्हणजे पेटी रिकामी करावी लागते. हा मुद्दा पुढे येणार आहे.

आपल्याकडे यायचं तर अकबराच्या तोशाखान्यापासून येऊ. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शालींवर वेगळं प्रकरण आहे. आधीच्या तोशाखान्याच्या व्यवस्थेत लिहिलंय, की कापड कोणत्या दिवशी, महिन्यात, वर्षी आत आलं, त्याची किंमत काय, रंग कोणता, वजन किती, याप्रमाणे ते लावून ठेवत. वजनाची नोंद! किमतीसाठी असेल, पण ज्याच्या वजनाची नोंद आहे ते कापड पुन्हा हातात घेऊन पाहावंच लागतं. अकबर शाल दुहेरी पांघरायचा, त्याला दोशाला म्हणत, असंही त्याच ग्रंथात आहे. मराठीतली शालजोडी ती हीच. पुढे ती मानाची वस्तू झाली, आणि शालजोडीतले द्यायची आपली खास मराठी रीतही तिच्याच नावानं चालते.

शिवकाळातल्या अठरा कारखान्यांची यादी मी मुलांकडून घोकून घेतलीय. त्यात जामदारखाना होता, जिथं वस्त्रं आणि मौल्यवान चिजा राहात. फरासखाना होता, जिथं तंबू, गालिचे, बिछायती राहात. पुणेकरांना फरासखाना म्हटलं की पोलीस चौकी आठवते, ते नाव तिथूनच आलेलं. एवढी वर्षं मी ही नावं शिकवली, पण एकदाही माझ्या मनात आलं नाही की जामदारखान्यात रोज उठून लोक नेमकं करत काय होते? काढत होते, उन्हात घालत होते, झटकत होते, घडी घालून ठेवत होते. दुसरं काय करणार! कपडा नुसता 'ठेवला' म्हणून राहात नाही. ते काम असतं, आणि राजाच्या घरी त्या कामाला स्वतंत्र खातं होतं.

आता पाल्यांकडे येतो. काश्मिरात शाली जपायला कोष्ठाची मुळी वापरत. आपल्याकडे आयुर्वेदिक दुकानात तिला उपलेट म्हणतात. हिमालयातल्या उंच उतारांवर ती होते. औषधाला, धुपाला आणि शालींना इतकी उपटली गेली, की १९८५ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक निर्बंध आहेत. दुसरी वनस्पती म्हणजे पाच. कोकणातल्या मंडळींना पाच माहीत असेल, मरव्याबरोबर गजऱ्यात गुंफतात ती. तिच्याच जातकुळीतल्या वनस्पतीची वाळलेली पानं हिंदुस्थानातून युरोपला जाणाऱ्या शालींच्या घड्यांत घालत. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या बायका शाल अस्सल की नकली हे वासावरून ओळखायला लागल्या. फ्रान्समधल्या कारखानदारांना आपली शाल हुबेहूब जमली तरी विकली जाईना, मग त्यांनी हा वास कशाचा ते शोधून काढलं आणि पानंच मागवून घेतली! सेप्टिमस पीस नावाच्या इंग्रज अत्तरवाल्यानं त्या शतकाच्या मध्याला हे लिहून ठेवलंय. कसर घालवायला टाकलेला पाला शेवटी अत्तर झाला.

आपल्या घरांत काय होतं? कडुलिंबाचा पाला, वेखंड, लवंगा, कापूर. पोथ्यांच्या लाल बासनात वेखंडाचा तुकडा असायचाच. कापूर महाग म्हणून देवापुढेच, तोही मोजून. अस्सल कापूर झाडापासून निघतो. त्याचं मोठं आगर म्हणजे तैवान, आणि १८९९ पासून जपाननं तिथल्या कापरावर सरकारी मक्ता बसवला होता. तेव्हा गरिबाचा आधार म्हणजे दारचा कडुलिंब.

आणि मग डांबराची गोळी आली. ही कशी आली ते ऐकण्यासारखं आहे. लंडनमध्ये १८१२ साली दगडी कोळशापासून गॅस काढून रस्त्यावर दिवे लावणारी कंपनी निघाली. (मुंबईच्या रस्त्यांवर असे गॅसचे दिवे १८६५ साली लागले.) कोळशातून गॅस काढला की मागे घाणेरडं डांबर उरतं. त्याचं करायचं काय? रसायनवाले कामाला लागले. डांबरातून पांढरे, झोंबऱ्या वासाचे स्फटिक निघाले, त्यांना जॉन किडनं १८२१ मध्ये नॅप्थलीन नाव दिलं. फॅरेडेनं, हो, आपल्या विजेच्या धड्यातला तोच फॅरेडे, १८२६ साली त्याची रासायनिक घडण शोधली. गॅसचे कारखाने वाढले तसं डांबर वाढलं आणि डांबरातून निघालेल्या या गोळ्या जगभर घराघरांत गेल्या. कारखान्याच्या कचऱ्याला आपल्या ट्रंकेत जागा मिळाली!

गोळी काम करते, हे खोटं नाही. तिची वाफ अळीला मारते. पण केव्हा? पेटी घट्ट बंद असेल आणि वाफ आत पुरेशी साठली तर. वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या कपड्यांच्या वर ठेवायला हव्यात. आपण काय करतो? कपाटाच्या तळाला दोन गोळ्या टाकतो, दार दिवसातून दहा वेळा उघडतो. कसर जात नाही, वास तेवढा आपल्या नाकात जातो. आणि ती वाफ आपल्यालाही भली नाही. युरोपीय संघानं २००८ साली अशा गोळ्यांवर बंदी घातली. आपल्याकडे त्या अजून वाण्याकडे मिळतात.

आता नातवाची गोष्ट. जी-सिक्स-पीडी हे द्रव्य तांबड्या रक्तपेशींना सांभाळतं. ते कमी असलं की काही पदार्थांच्या संपर्कानं पेशी फुटायला लागतात, बाळाला पंडुरोग होतो, जोराची कावीळ होते. ही कमतरता १९५६ साली ओळखली गेली, तीही मलेरियाच्या एका औषधामुळे ठरावीक लोकांचंच रक्त का उतरतं याचा शोध घेताना. ती मुलग्यांत जास्त आढळते. गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांत गुंडाळल्यामुळे तान्ही बाळं आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. नातेवाइकांना हात जोडून सांगतो, बाळाला बघायला येताना ट्रंकेतून काढलेली शाल, स्वेटर घालून येऊ नका. आणि नुसतं आमच्या बाळासाठी नाही, कोणाच्याही तान्ह्यासाठी हे पाळा. कोणाला कमतरता आहे हे प्रत्येक घरात माहीत असतंच असं नाही.

हे सगळं वाचून झालं तरी माझा 'का' सुटला नव्हता. गोळी नव्हती, पाला होता. पाल्यानं एकतीस वर्षं राखलं, मग सात वर्षांत पाला हरला कसा?

कऱ्हाडला आमची आक्का असते. वय ८४, कान थोडे गेलेत, जीभ शाबूत आहे. तिला विचारलं, "आक्का, कडुलिंबाचा पाला किती वर्षं टिकतो गं?"

"पाला? पाला कुठं टिकतोय? एका पावसाळ्यात त्याची माती होती."

"मग लोकर कशानं राहायची?"

"अरे, पाला बदलायला म्हणून पेटी उघडायची की! उघडली म्हणजे सगळं भाईर काढायचं. भाईर काढलं म्हणजे ऊन द्यायचं. ऊन दिलं म्हणजे झटकायचं. नुसत्या पाल्यानं काय हुतंय? तुझ्या बायकोला विचारायचं होतंस तवा."

मी गप्प बसलो.

नंतर वाचलं तर आक्काचं म्हणणं अगदी खरं निघालं. कडुलिंबातलं मुख्य कडू द्रव्य किडीच्या पोटात गेलं तर तिची वाढ खुंटते. पण ते वाफ होऊन हवेत पसरत नाही, त्यामुळे पुरचुंडीतला पाला शेजारच्या घडीतल्या अळीचं फारसं काही बिघडवू शकत नाही. वेखंडाच्या तेलाची वाफ किडीला बाधते, पण तीही वास असेतोवरच. लवंग, चंदन, देवदाराची फळी, सगळ्यांचं तेच. वास थोडंफार दूर ठेवतो, आत असलेली अळी मारत नाही. मारतं ते ऊन. कडक उन्हात पसरलेली लोकर चांगली तापली की अंडी मरतात, अळ्या उजेडाला भिऊन घडीतून निसटतात. झटकलं, ब्रश मारला की उरलेली अंडी सुटतात, चिरडतात. धुतलं की मळ जातो. अंधार, शांतता आणि मळ, तिन्ही एका दिवसात मोडतात.

म्हणजे पाला हे औषध कमी आणि आठवण जास्त होतं. त्याचा वास उडायचा, आणि तो उडतो हाच त्याचा गुण! वास गेला की घरातली बाई म्हणायची, पाला बदलायला झाला. कॅटोच्या कडू पाण्याचं तेच, अकबराच्या नोंदीचंही तेच. डांबराच्या गोळीनं पहिल्यांदाच माणसाला सांगितलं, की ठेवा आणि विसरा.

याचा सगळ्यात चांगला पुरावा माझ्या लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर होता. आम्ही मूळचे माणदेशातले. पाऊस नाही, पण मेंढरं भरपूर. दख्खनी मेंढीची लोकर धनगर कातरायचे, घरातल्या बायका पिंजून सूत काढायच्या, सणगर चिंचोक्याची खळ लावून मागावर घोंगडी विणायचा. ती काळीभोर, अंगाला टोचणारी घोंगडी. तिच्या कुणी पुरचुंड्या बांधल्याचं मला आठवत नाही. तरी तिला कसर लागलेली मी पाहिली नाही. कारण ती कधी ठेवलीच जायची नाही! पावसात तिची खोळ व्हायची, थंडीत पांघरूण, उन्हाळ्यात अंगणातलं अंथरूण, पाहुणा आला की बसायला, धान्य वाळवायला. धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तेव्हा ती खांद्यावर. जी वस्तू रोज हाताळली जाते, तिच्यात अळीला संसार मांडायला सवड मिळत नाही. आम्ही शिकलो, शहरगावात नोकरीला लागलो, घोंगडीची लाज वाटायला लागली. मऊ लोकर घरात आली, ती वर्षातून दोन महिने लागते, आणि उरलेले दहा महिने ती कशी ठेवायची हा प्रश्नही तिच्याबरोबरच घरात आला.

हिनं विणायच्या सुया पहिल्यांदा हातात घेतल्या त्या १९६२ साली. चीनच्या युद्धात जवानांसाठी देशभर बायका-मुली स्वेटर, मोजे विणत होत्या. ही तेव्हा अकरा वर्षांची. शाळेत बाईंनी शिकवलं. "माझा पहिला मोजा हिमालयात गेला," असं ती सगळ्यांना सांगायची. पुढे घरातला एकही माणूस तिच्या स्वेटरवाचून राहिला नाही.

आता जे सांगतो ते मला मागच्या महिन्यात दिसलं. ट्रंक पुसायला म्हणून मी झाकण पूर्ण मागे टाकलं. झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं होतं, कोरी बाजू वर. त्यावर पेन्सिलीनं, हिच्या बारीक अक्षरात, ओळीनं लिहिलेलं होतं: 'पाडवा ८८, ऊन, पाला.' त्याखाली 'घटाआधी ८८, ऊन.' मग ८९. मग ९०. दर वर्षी दोन ओळी. पाडव्याला लोकर ठेवायची, तेव्हा कडुलिंबाला नवी पालवी असते. नवरात्रात घट बसायच्या आधी सगळं घर धुऊन निघतं, तेव्हा पावसाळ्याचा दमटपणा घालवायला ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा पसरायचं. एका ठिकाणी 'शाल रिठ्यात धुतली', एका ठिकाणी 'ह्यांचा मफलर रफू'. शेवटची ओळ २०१८ची, घटाआधीची. त्या ओळीत फक्त 'ऊन' लिहिलंय. तेव्हा ती आजारीच होती. तरी तिनं हे केलं होतं आणि मी त्याच घरात होतो.

वर्षातून दोन दिवस, एकतीस वर्षं, आणि मला त्याचा पत्ता नाही. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होतो, किंवा अठरा कारखान्यांवर टाचण काढत होतो. जामदारखाना माझ्याच घरात चालू होता, त्याची दप्तरनोंदसुद्धा होती, आणि इतिहासाच्या मास्तरला ती दिसली नाही. लोकर गेल्याचं वाईट वाटतंच, पण खरी कसर ही.

असो. रडगाणं पुरे.

यंदाच्या पाडव्याला मी काय केलं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल. आधी सगळे लोकरीचे कपडे कोमट पाण्यात रिठ्यानं धुतले. पिळायचे नाहीत, टॉवेलात गुंडाळून दाबायचे आणि आडवे वाळत घालायचे. धुतल्याशिवाय काहीही आत ठेवायचं नाही, हा पहिला नियम. मग गच्चीवर दिवसभर ऊन, दुपारी पालटून. शिवणी, कॉलर, खिसे, घडीच्या रेघा यांना ब्रश, कारण अळी तिथंच लपते. रंगाचे कपडे उलटे करून घातले, नाहीतर उडतात. ज्या दोन कपड्यांचा संशय होता ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून शेजाऱ्यांच्या मोठ्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवले. उन्हासारखीच थंडीही अळीला मारते, आणि ज्यांना गच्ची नाही त्यांना हा उपाय सोपा. ट्रंक रिकामी करून कोपरे पुसले (कॅटोला स्मरून!). कपडे गार झाल्यावर घट्ट विणीच्या सुती धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून, शिवणीला टाचण्या लावून ठेवले. सुतीतून पतंगाला आत शिरता येत नाही. वर पाल्याच्या पुरचुंड्या ठेवल्याच. त्या कशासाठी हे आता मला माहीत आहे.

सगळं करायला मला दोन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरली.

राहिली शाल. टाकवत नव्हती. विहीणबाई म्हणाल्या, "द्या इकडे, बघते." त्यांनी ती आधी फ्रीझरमध्ये ठेवली, धुतली, मग उसवली. सलग धागा फारसा निघालाच नाही, गाठी मारत मारत एक लहानसा गुंडा झाला. त्याचं टोपडं विणलं. नातवाला ते आता जरा घट्टच होतंय, पुढच्या थंडीला बसणार नाही. तेव्हा तेही ट्रंकेत जाईल. झाकणावरच्या कागदावर जागा आहे. मी शेवटच्या ओळीखाली सात ओळींची जागा कोरी सोडली आणि लिहिलं: 'पाडवा, ऊन, पाला.' घटाच्या आधी पुन्हा काढायचंय. विसरलो तर, मंडळी, तुम्ही आठवण करा.

आणि तुमच्या घरी आजी-आई काय ठेवायच्या, केव्हा काढायच्या, तेही जरूर कळवा. आक्काला वाचून दाखवीन. ती नक्की काहीतरी चूक काढेल.